गोगलगाईची लांबण

गावात तिला गोगलगाय म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे गावालाही ठाऊक होतं. त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

नाव पडायला कारणही तसंच होतं. सभागृहातला नळ्यांचा मोठा ऑर्गन ती वाजवायची, आणि गेली काही वर्षं इतका सावकाश वाजवायची की ऐकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. सकाळी एक सूर धरला की माणसांनी घरी जावं, जेवावं, डुलकी काढावी, परत यावं, तर तो सूर आपला तिथेच. मग कधीतरी त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसायचा. दोघं मिळून दुपार काढायचे. दिवेलागणीच्या सुमाराला एकेक सूर उठून जायचा आणि कार्यक्रम संपायचा. तिचा नवरा या प्रकाराला 'लांबण' म्हणायचा. तो बस चालवायचा. जिथे तासाभरात पोचता येतं तिथे पोचायला माणूस अख्खा दिवस का लावतो, हे त्याला कधीच उमगलं नाही. तरी प्रत्येक लांबणीला तो पहिल्या रांगेत येऊन बसायचा आणि पहिल्या सुरातच झोपायचा. यात त्याने आजवर खंड पडू दिला नव्हता.

सुरुवातीला माणसं उठून गेली, आणि जाताना दार आपटून गेली. पण बाहेरगावचे दोन-चार शहाणे येऊन "बाई काहीतरी वेगळंच करतात" असं म्हणून गेले, तेव्हा गावानेही मान डोलावायला सुरुवात केली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. मग कुणी उशी घेऊन येऊ लागलं, कुणी विणकाम. एक निवृत्त मास्तर तर उघड सांगायचे की घरी येत नाही ती झोप मला इथे येते, आणि यात ते बाईंचं कौतुकच करत असत.

"गोगलगाय नि पोटात पाय," सभागृहाचे कार्यवाह चेष्टेने म्हणायचे. बाई बाकावर स्वस्थ बसलेल्या दिसायच्या आणि खाली पाय मात्र पायपट्ट्यांवर सरकत असायचे, म्हणून. ती हसायची आणि लगेच दुसरा विषय काढायची. कारण तिच्या पोटात खरोखरच एक गोष्ट होती, आणि ती तिने नवऱ्याला, दिराला, कुणालाही सांगितली नव्हती. तिला ऐकू येईनासं झालं होतं.

अगदी सगळंच गेलं होतं असं नाही. जाड, खालचे सूर चांगले यायचे. गेले होते ते वरचे, बारीक. आधी किटलीची शिट्टी गेली. पाणी आटून किटलीचं बूड काळं झालं तेव्हा तिला ते कळलं. मग दाराची घंटा गेली. मग माणसांच्या बोलण्यातली बारीक अक्षरं झिजायला लागली, आणि समोरचा काय म्हणाला ते उरलेल्या अक्षरांवरून ताडावं लागायला लागलं. कान गेलेलं माणूस गप्प होतं असं लोक समजतात. हिने उलट केलं. ती जन्माची मितभाषी, पण या काळात एकदम बडबडी झाली. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. शेजारणी म्हणाल्या, वय झालं की बायका मोकळ्या होतात. नवरा काही म्हणाला नाही. तो आधीच कमी बोलायचा, आता त्याला बोलायला जागाच राहिली नव्हती.

आता कुणी म्हणेल, वय झालं की कान जातात, दात जातात, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय? डॉक्टरकडे जावं, यंत्र लावावं. ती गेलीही होती. कानाच्या डॉक्टरच्या पायऱ्या चढून दारापर्यंत गेली आणि हात कडीपर्यंत नेऊन परत आली. पण तिची भीती कळायची तर ती सासरच्या घरात कशी आली ते सांगावं लागेल.

तिचे वडील सभागृहाचे रखवालदार. लहानपणापासून ती त्या ऑर्गनच्या सावलीत वाढलेली. ऑर्गन म्हणजे भिंतभर नळ्या. सगळ्यात मोठीत माणूस उभा राहील, सगळ्यात धाकटी पेन्सिलीएवढी. मोटर खालून हवा भरते, वाजवणारा पट्टी दाबतो, आणि त्या पट्टीची नळी बोलते. कुठली रांग बोलणार ते ठरवायला बाजूला खुंट्या असतात. खुंटी ओढली की ती रांग जागी होते. हे सगळं वर्षातून दोनदा सुरात लावावं लागतं, आणि ते काम दोघांचं. एक आत, नळ्यांच्या जंगलात. दुसरा बाहेर, पट्टी दाबून बसलेला. आतल्याचं झालं की तो लाकडावर टकटक करतो, मग बाहेरच्याने पुढची पट्टी दाबायची. सुरात लावणारे जे म्हातारे होते त्यांचा माणूस एकदा आजारी पडला आणि त्यांनी रखवालदाराच्या या मुलीला बाकावर बसवलं. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. थोड्या वेळाने म्हातारा आतून टकटक करणार, एवढ्यात ती ओरडली, "आजोबा, अजून नाही, अजून थोडा वर आहे." म्हाताऱ्याने परत कान लावला. होता.

त्या दिवशी घरी जाऊन तो बायकोला म्हणाला म्हणे, "रखवालदाराच्या पोरीला सोन्याचे कान आहेत. ही आपल्या घरात आली पाहिजे." लोक सून बघताना रूप बघतात, घराणं बघतात. यांनी कान बघितला. थोरल्या मुलाला सूर आणि हॉर्न यांतला फरक कळत नव्हता, म्हणून मुद्दाम तिचं लग्न त्याच्याशी लावून दिलं. घरात कान कमी पडत होता, तो बाहेरून आणला. सासरे गेले तेव्हा सुरात लावायचं काम धाकट्याने, म्हणजे तिच्या दिराने उचललं. पण पाहुण्यांना तिची ओळख करून देताना घरात अजूनही तेच सांगितलं जायचं, "ही आमची कानाची सून." इतक्या वर्षांत ही थट्टाही झाली होती आणि मानही.

म्हणजे तिचं जे चाललं होतं ते नुसतं ऐकणं नव्हतं. ज्या गोष्टीवर ती त्या घरात आली होती तीच चालली होती.

वाजवताना पहिली शंका आली ती एका लग्नात. सभागृहात लग्न होतं, वाजवायला ती होती, आणि तेव्हा ती चारचौघांसारखंच भरभर वाजवायची. वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे असते, म्हणून पट्ट्यांच्या वर एक आरसा लावलेला असतो. त्यात मागचं सभागृह दिसतं. वाजवता वाजवता तिने आरशात पाहिलं तर नवरीच्या मावशीने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. शेजारची बाई तोंड वेडंवाकडं करत होती. तिने खाली पाहिलं. चुकून सगळ्यात वरच्या रांगेची खुंटी ओढली गेली होती, आणि ती रांग त्या वर्षी सुरात लावायची राहून गेली होती. सगळं सभागृह किंचाळत होतं, आणि तिला त्यातलं काही, अगदी काहीही, ऐकू येत नव्हतं. तिने हसत खुंटी आत ढकलली आणि पुढे वाजवलं.

त्यानंतर तिने भरभर वाजवणं सोडलं. लोक म्हणाले, बाईंना नवी दृष्टी आली. खरं सांगायचं तर बाईंना भीती आली होती. भरभर वाजवताना शंभर सूर निघून जातात आणि त्यातला कुठला चुकला हे कानानेच कळायचं असतं. सावकाश वाजवताना एक सूर लावायचा आणि मग आरशात बघत बसायचं. माणसांच्या तोंडावर तो बरोबर उतरला, तर पुढचा. खालचे सूर तर बाकातून मांड्यांना कळायचे. पट्ट्या दिवसभर दाबून धरायला तिने छोट्या पुरचुंड्या शिवल्या होत्या, आत शिशाचे तुकडे. पट्टीवर पुरचुंडी ठेवली की हात मोकळा. अशी ती एकेक पाऊल चाचपत चालली होती, आणि गाव तिला कलाकार म्हणत होतं.

मात्र या सावकाशपणात ती पुढे पुढे खरोखर रमली, हेही सांगितलं पाहिजे. एक सूर खूप वेळ ऐकला की त्याच्या आत दुसरे सूर दिसायला लागतात, तो जागचा हलत नसला तरी आतून हलत असतो. हे तिला भीतीने दाखवलं, पण दाखवलं ते खोटं नव्हतं. दुपारी सभागृह रिकामं असताना ती एकटी जायची आणि वरच्या रांगेच्या पट्ट्या खालून वर दाबत जायची. एका पट्टीपर्यंत सूर यायचा आणि पुढे नुसती पट्टी खाली जायची. ती हद्द दर खेपेला थोडी खाली आलेली असायची. घरी जाताना ती मनाशी म्हणायची, आज सर्दी होती.

त्या मोसमातल्या मोठ्या लांबणीच्या आधी दीर ऑर्गन लावायला आला. त्याला गावात उंदीर म्हणत, कारण त्याचं निम्मं आयुष्य ऑर्गनच्या पेटाऱ्याच्या आत नळ्यांच्या मधे गेलं होतं. ती बाकावर बसली आणि हाताचा तळवा तिने लाकडावर टेकवून ठेवला. त्याची टकटक तिला हल्ली हाताने कळायची. खालच्या रांगा झाल्या. मग आतून आवाज आला, "वहिनी, आता वरची रांग." तिने खुंटी ओढली आणि सगळ्यात टोकाची पट्टी दाबली. तिला काही ऐकू आलं नाही.

"कसा वाटतोय बाहेरून?" आतून प्रश्न.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मग दोन नळ्यांच्या मधून दिराचं डोकं बाहेर आलं. डोक्यावर जाळी, नाकावर धूळ. "अहो वहिनी, मी अजून हातच लावला नाही."

ती पकडली गेली होती. पण तोंड सवयीने चाललं. "मग लावूच नका. बऱ्याला कशाला बिघडवताय? तुमचा दादा असाच, चांगली बस उघडून ठेवायचा आणि मग..."

दीर हसला. पण आत गेला नाही. "खरं सांगा, वरच्या रांगेला तुम्ही वाळीत टाकलंय का? मागच्या दोन-तीन लांबणींत मी आत बसून बघतोय, एकदासुद्धा घेतली नाहीत. काय रुसवा आहे एवढा?"

"लहान तोंडी मोठा घास घेणाऱ्यांना मी लांबच ठेवते," ती म्हणाली.

"बाबा काय म्हणायचे आठवतंय ना? ऑर्गनचा जीव वरच्या रांगेत, आणि रांगेचा जीव माझ्या सुनेच्या कानात." त्याने हे अगदी सहज, फडक्याने हात पुसत म्हटलं. त्याच्या मनात काही नव्हतं. पण तिला वाटलं, याला कळलंय. हा खडा टाकून बघतोय.

"घेईन हो या वेळी," ती घाईघाईने म्हणाली. "घेईन म्हणजे घेईनच."

आणि अशी ती आपल्या तोंडाने अडकली. त्या रात्री नवरा घोरत होता आणि ती छताकडे बघत पडली होती. तिने एकच हिशेब पुनःपुन्हा केला. वरचे चार-पाच सूर, भर दुपारी, एकामागून एक. दिराने नीट लावलेत. पट्टी दाबली की वाजणारच. आरशात बघायचं, लोकांनी मान वर केली की समजायचं वाजला. मग हात काढायचा. यात चुकण्यासारखं काय आहे?

लांबणीच्या दिवशी सकाळी तिने पायाने सगळ्यात खालचा सूर लावला आणि बाक थरथरायला लागला. तेवढ्याने तिला धीर आला. दीर नेहमीप्रमाणे पेटाऱ्याच्या आत जाऊन बसला होता, काही बिघडलंच तर असावा म्हणून. आरशात सगळे आपापल्या जागी होते. उशीवाले, विणकामवाली, मास्तर, कार्यवाह, पहिल्या रांगेत नवरा. नवऱ्याने हाताची घडी घातली आणि मान छातीवर टाकली. तिने दुसरा सूर ठेवला, बऱ्याच वेळाने तिसरा. मास्तर झोपले. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

दुपारी तिने वरच्या रांगेची खुंटी ओढली. तिने एक पट्टी दाबली. शांतता. म्हणजे तिच्यापुरती शांतता. आरशात मात्र विणकामवालीचे हात थांबले आणि तिने वर पाहिलं. वाजला. जरा थांबून पुढची पट्टी, मग तिच्या पुढची. मास्तर जागे झाले. अशा चार-पाच पट्ट्या झाल्या आणि तिने हात काढून मांडीवर ठेवला. खुंटी तशीच राहू दिली, कारण त्याच रांगेतल्या खालच्या नळ्या तिला पुढे लागणार होत्या. झालं, तिला वाटलं. सुटले.

तिने आरशात पाहिलं. माना अजून वरच होत्या.

रमले असतील, ती मनाशी म्हणाली. तिने खालचा एक सूर बदलला. माना खाली आल्या, पण डोळे मिटले नाहीत. दुपार उतरायला लागली. ही वेळ अशी, की प्रत्येक लांबणीत या वेळेला निम्मं सभागृह आडवं झालेलं असायचं आणि उरलेलं पाय मोकळे करायला बाहेर. आज कुणीच झोपलं नव्हतं. कुणी बाहेरही जाईना. विणकाम मांडीवर तसंच पडलं होतं. मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि ते डोळे पुसत होते. आणि तिचा नवरा, ज्याला तिने आजवर एकाही कार्यक्रमात जागा पाहिला नव्हता, तो गुडघ्यांवर कोपरं टेकवून पुढे वाकून बसला होता. तोंड किंचित उघडं.

ती घाबरली. आधी तिला वाटलं, त्याच्या छातीत दुखतंय. मग वाटलं, मी काहीतरी भयंकर वाजवतेय आणि हे सगळे माझ्याकडे बघतायत. तिने सगळ्या पट्ट्या डोळ्यांनी तपासल्या. प्रत्येक पुरचुंडी जागच्या जागी. पायाखालचा सूर बरोबर. तळवा लाकडावर ठेवून पाहिला, पण खालच्या सुरांच्या थरथरीत बाकी काही कळेना. हे काय ऐकतायत? मध्येच थांबून मागे वळावं आणि विचारावं, असं तिच्या मनात आलं. पण थांबणं म्हणजे सांगणं. ती पुढे वाजवत राहिली, आणि दर थोड्या वेळाने आरशात बघत राहिली, आणि प्रत्येक वेळी ती सगळी जागी, जरासुद्धा न हलता बसलेली दिसली. इतकी लांब लांबण तिने आयुष्यात कधी सोसली नव्हती.

दिवे लागले. तिने एकेक पुरचुंडी उचलून डब्यात टाकली. एकेक सूर गेला. शेवटी पायाखालचा तो पहिला सूर राहिला. तिने पाय उचलला. बाक थरथरायचा थांबला.

आता टाळ्या. या क्षणाला नेहमी आधी कुणीतरी खोकतं, मग खुर्च्या कुरकुरतात, मग टाळ्या. तिने आरशात पाहिलं. कुणी हललं नाही. नवऱ्याने टाळीसाठी हात वर केले होते आणि ते तसेच हवेत राहिले होते. सगळ्यांचे डोळे वर लागले होते, तिच्या डोक्यावरून, डाव्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यात लहान नळ्या होत्या तिथे.

तिने पट्ट्यांकडे पाहिलं. सगळ्या वर. एकही पुरचुंडी उरलेली नाही. दोन्ही हात रिकामे. आणि तिथे काहीतरी वाजत होतं.

ऑर्गनवाल्यांना ही गोष्ट नवी नसते. सभागृह माणसांनी भरलं की हवा दमट होते, लाकूड फुगतं, आणि एखाद्या नळीचं झाकण उघडं ते उघडंच राहतं. बोट उचललं तरी सूर थांबत नाही. कुणाच्याही हातून होतं, त्यात लाज नाही. ती पट्टी दोनदा ठोकली की झाकण बसतं आणि सूर सुटतो. फक्त कुठली पट्टी ते कळावं लागतं, आणि ते कानानेच कळतं. तिने दुपारी चार-पाच पट्ट्या दाबल्या होत्या. त्यांतली कुठली?

मोटरचं बटण गुडघ्याशी होतं. ते दाबलं असतं तर हवा संपून सूर आपोआप मेला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. उलट लोक म्हणाले असते, काय शेवट केला. तिचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात पेटाऱ्याचं छोटं दार उघडलं आणि दीर अर्धा बाहेर आला. त्याने तिचे रिकामे हात पाहिले आणि कपाळावर हात मारला. सूर अडकलाय हे त्याला त्या क्षणी कळलं. मग दोन बोटांनी त्याने हवेत ठोकून दाखवलं. ठोका, वहिनी, ठोका.

तिचा हात पट्ट्यांवर आला आणि तिथेच थांबला.

त्याने परत ठोकून दाखवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो हसत होता, मग हसायचा थांबला. तिच्या तोंडावर जे होतं ते त्याने वाचलं, आणि तिला दिसलं की त्याने वाचलं. तिने बरोबर आहे म्हटलेला तो न लावलेला सूर त्याला त्या क्षणी आठवला असणार. तो पायांचा आवाज न करता बाकाशी आला, खाली बसला, तिचं बोट धरलं आणि टोकाच्या अलीकडच्या एका पट्टीवर नेऊन ठेवलं. तिने दोनदा ठोकलं.

तिला काही फरक कळला नाही. पण आरशात माना खाली आल्या. एक बाई डोळे मिटून मागे टेकली. कुणीतरी खोकलं असावं, कारण बाकीच्यांनी तिकडे पाहिलं. मग टाळ्यांचा गडगडाट झाला, आणि तो तिला चांगला ऐकू आला.

"कधीपासून वाजत होता?" तिने दिराला विचारलं.

दीर तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "दुपारपासून. मला आतून वाटलं तुम्हीच धरलाय."

दुपारपासून. म्हणजे त्यानंतर तिने लावलेल्या प्रत्येक सुराच्या डोक्यावर तो दिवेलागणीपर्यंत उभा होता, आणि त्या खोलीत तो ऐकू न आलेलं माणूस एकटी तीच होती. ती बाकावरच बसून राहिली. लोक उठत होते, काहीजण वर बघत पुटपुटत होते. नवरा पायऱ्या चढून वर आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"अगं, तो वरचा सूर," तो म्हणाला. हल्ली तो बोलताना ती त्याच्या ओठांकडे बघायची, तशी आताही बघत होती. "मी झोपलोच नाही. इतकी वर्षं तुझी लांबण ऐकतोय, आज पहिल्यांदा मला काहीतरी कळलं. माझ्यासारख्या ढ कानाच्या माणसालासुद्धा. बाबा असते तर म्हणाले असते, बघा, उगीच नाही आणली ही सून."

दीर पटकन मध्ये पडला. "दादा, अरे वहिनींनी मुद्दाम तो सूर..."

"नाही," ती म्हणाली. ती ओरडली, पण आपण ओरडतोय हे तिला कळलं नाही. खाली निघालेली माणसं थांबली. "मुद्दाम नाही. मी नव्हता तो धरलेला. तो अडकला होता. मला तो ऐकूच आला नाही. मला वरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, कितीतरी दिवस झाले."

कार्यवाह खाली दाराशी उभे होते, त्यांच्या हातातली टोपी तशीच राहिली. दीर जमिनीकडे बघत होता. मग नवरा बाकावर तिच्या शेजारी बसला आणि मान खाली घालून काहीतरी बोलला. मान खाली होती, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. एरवी तिने हसून दुसरंच काही सुरू केलं असतं, जेवणाचं, बसचं, शेजारणीचं. आज तिने तसं केलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "मला नाही ऐकू आलं. मोठ्यानं बोला."

त्याने मान वर केली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुला भीती वाटते का, म्हटलं!"

"हो," ती म्हणाली. "खूप वाटते."